वाढत्या अंगाचं पझल

शांतारामराव तळेकरांना आयुष्यात एकाही दुकानदाराने फसवलेलं नाही. ही माहिती कुणी विचारलेली नसते, पण ते देतात. बोळिंजच्या त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये नवा भाडेकरू आला की लिफ्ट त्याच्या मजल्यावर पोचायच्या आत त्याला ती मिळालेली असते. एका सरकारी खात्याच्या भांडार विभागात त्यांनी उभी हयात खुर्च्या, कपाटं, टाचण्या आणि शाईच्या बाटल्या खरेदी करण्यात घालवली. तिथून निवृत्त होताना, जगातली बाकी सगळी माणसं खरेदीच्या बाबतीत मठ्ठ आहेत, एवढा एकच निष्कर्ष ते घरी घेऊन आले. बायको भाजी आणते ती निबर. मुलगा मोबाईलवरून शर्ट मागवतो त्याला कापड कमी. सून जे काही आणते त्यात नुसता खोका असतो, वस्तू नसतेच, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या खरेदीचा नियम एकच. घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. आज जे बरोबर बसतं ते उद्या आखूड होणार, म्हणून आज सैल घ्यायचं आणि उद्याची वाट बघायची. आपल्याकडे हा नियम सगळीच घरं थोडाफार पाळतात. फ्रॉकला आतून चार बोटं दुमड सोडली की विषय संपतो. शांतारामरावांनी मात्र त्याचा धर्म करून टाकला. लग्नात त्यांनी सुहासिनीबाईंच्या बोटात घातलेली अंगठी इतकी सैल होती की तिला आतून दोरा गुंडाळावा लागला. ‘बायकांची बोटं पुढे सुटतात,’ असं नवरदेवाने भर मांडवात सांगितलं. सुहासिनीबाईंची बोटं काही सुटली नाहीत. दोरा मात्र मळला की बदलावा लागतो.

मुलगा कौस्तुभ शाळेत गेला तो गुडघ्याच्या खाली येणारी हाफपँट घालून. बुटाच्या टोकात कापसाचा बोळा असे, नाहीतर तो धावताना बूट मागे राहत आणि कौस्तुभ पुढे जाई. दुसरीत घेतलेला रेनकोट सातवीपर्यंत चालला. दुसरीत त्या रेनकोटात मुलगा आहे की नाही हे आत डोकावून बघावं लागे, आणि ज्या वर्षी तो अंगाला बरोबर बसला त्या वर्षी पाठीवर उसवून गळायला लागला होता. शांतारामरावांनी तेव्हाही विजयी मुद्रेने सांगितलं, “बघ, किती वर्षं काढली!” मूल त्यात कोरडं राहिलं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

आणि एकदा, फक्त एकदाच, त्यांचा नियम खरा ठरला. त्यांनी बोळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून भाताची खाचरं दिसत आणि अंधार पडल्यावर रिक्षावाले यायला नकार देत. नातेवाईक हसले. “गाव वाढत्या अंगाचं आहे,” शांतारामराव म्हणाले. गाव वाढलं. खाचरं जाऊन टॉवर आले, टॉवरखाली केकची दुकानं आली, आणि हसणारे नातेवाईक भाव विचारायला फोन करू लागले. या एका यशाने घरातल्या माणसांची उरलीसुरली आशा संपली. त्यानंतर त्यांना कुणी काही शिकवायला गेलं नाही.

अशा या माणसाच्या कपाळावरची आठी एकाच व्यक्तीसमोर मोडत असे, ती म्हणजे नात आर्या. आईवडील दोघंही नोकरीला. प्लेग्रुपमधून आली, वरणभात जेवली की ती आजोबांच्या पोटावर चढून बसे. ते पोट म्हणजे कधी कळंबच्या समुद्रातली होडी, कधी नुसताच डोंगर. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून हवामान खात्यापर्यंत सगळ्यांत खोट काढणारा हा गृहस्थ तेवढा वेळ कुणालाही नावं ठेवत नसे. खरं सांगायचं तर त्या दुपारसाठीच ते सकाळी उठत. त्यांनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आर्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला तिची आई उन्नती हिने पझल निवडायला घेतलं. निवडायला घेतलं म्हणजे घरात दुसरा विषयच उरला नाही. बोळिंजच्या आयांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे कुणी म्हणालं लाकडीच घ्या, कुणी म्हणालं लाकडावरचा रंग मुलं चाटतात. एकीने सांगितलं की माझा मुलगा अडीच वर्षांचा असून चोवीस तुकडे लावतो. त्यावर सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली आणि मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. उन्नतीने व्हिडिओ पाहिले, लोकांचे अभिप्राय वाचले, ऑफिसातल्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं, आणि शेवटी चार तुकड्यांचं एक लाकडी पझल मागवलं. तुकडे जाड, मुठीत मावतील पण तोंडात जाणार नाहीत असे. चित्र एकच, हत्तीचं. खालच्या पाटीवर प्रत्येक तुकड्याची जागा आखलेली. इतका गाजावाजा करून आणलेली वस्तू चुकून योग्य निघाली.

आर्याने हत्तीची सोंड शेपटीच्या जागी ठेवून पाहिली, बसली नाही म्हणून खदखदून हसली, आणि मग पुढे नेऊन बसवली.

“चार तुकडे?” शांतारामराव म्हणाले. “चार तुकडे आपण पोळीचे करतो. याला कोडं म्हणतात?”

“बाबा, तिच्या वयाला तेवढेच बरोबर असतात,” उन्नती म्हणाली.

“आणि दोन महिन्यांनी? मग हे घेऊन काय देव्हाऱ्यात ठेवायचं?”

दुसऱ्या दिवशी सून ऑफिसला गेल्यावर त्यांनी तो हत्ती माळ्यावर टाकला आणि चप्पल घालून ते जितेशच्या खेळण्यांच्या दुकानात गेले. जितेश हा हिशोबी तरुण. दुकानात काय खपतं यापेक्षा काय खपत नाही, हे त्याला जास्त चांगलं पाठ.

“काका, मुलीचं वय किती?”

“तीन.”

“मग हे बघा, सहा तुकड्यांचं. उचलायला वर खुंटी आहे. किंवा हे फळांचं.”

“जास्तीत जास्त किती तुकड्यांचं आहे तुमच्याकडे?”

“शंभरचं आहे एक. पण त्याच्यावर ‘सहा वर्षांपुढे’ लिहिलंय.”

“म्हणजे तीन वर्षं फुकट वापरायला मिळतात,” शांतारामराव म्हणाले.

जितेशने वाद घातला नाही. तो खोका कधीपासून वरच्या फळीवर पडून होता, उन्हाने त्याची एक बाजू फिकी पडली होती, आणि गिऱ्हाईक आपण होऊन चालत आलं होतं. “काका, तुमच्यासारखा विचार करणारी माणसं राहिली नाहीत आता,” तो खोक्यावरची धूळ पुसत म्हणाला. शांतारामरावांना हे अगदी पटलं. येताना शेजारच्या दुकानातून त्यांनी नातीसाठी गुलाबी बूटही घेतले. नंबर अर्थातच दोनाने मोठा. टोकात घालायला कापूस घरी होताच.

पझलवर परदेशातला कुठलासा किल्ला होता. वर निळं आभाळ, खाली निळं तळं, मध्ये करडे दगड. वसईचा किल्ला पोरीने निदान पाहिला तरी होता. हा किल्ला जितेशनेही पाहिला नव्हता. तुकडे पातळ पुठ्ठ्याचे, नखाएवढे, त्यातले निम्मे निळे. उन्नतीने संध्याकाळी खोका पाहिला आणि ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “बाबा, हे नाही जमणार तिला.”

“आज नाहीच जमणार. म्हणून तर घेतलंय.”

उन्नती गप्प बसली. सासऱ्यांच्या भरवशावर मूल ठेवून नोकरीला जाणाऱ्या सुनेला किती भांडता येतं, हे तिला पाठ होतं. कौस्तुभने पझल पाहिलं, गुलाबी बूट पाहिले, बुटात बोट घालून कापूस चाचपला आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून डोंगर आणि होडी बंद झाली. जेवण झालं की सतरंजीवर शंभर तुकडे ओतले जात आणि शांतारामराव भांडार विभागातल्या आवाजात सुरुवात करत. “आधी कडा शोधायच्या. ज्याची एक बाजू सरळ, तो वेगळा काढायचा.”

आर्या एक तुकडा उचले. “हा निळा.”

“निळा आहे ते दिसतंय. कड आहे का त्याला?”

“हा पण निळा.”

“कड बघ, कड!”

आर्या तो तुकडा डोळ्यांजवळ नेई, मग आजोबांच्या कानाला लावी, मग त्यांच्या पोटाकडे बघे. पोट सतरंजीवर पुढे झुकलेलं असे आणि त्याचा काही उपयोग नसे. दुपारी कधीच न झोपणारी ती मुलगी डोळे चोळून “झोप आली” म्हणू लागली. झोपायला म्हणून ती आत जाई, आणि मागच्या मागे समोरच्या दारात पोचे.

समोरच्या फ्लॅटमध्ये मेरी परेरा राहत. त्या मूळच्या पापडी गावच्या, सोसायटीच्या सांस्कृतिक समितीवर होत्या, आणि घरात एकही खेळणं नसताना पोरांना तिथे काय सापडे देव जाणे. आर्या तिथे बसून कपडे वाळत घालायचे चिमटे एका जुन्या डब्याच्या काठाला लावत असे. लावून झाले की काढायचे, काढून झाले की लावायचे. मेरीबाई दारातून ओरडून सांगत, “काका, तुमची नात इथे आहे हां, घाबरू नका.” शांतारामराव घाबरत नसत. त्यांना राग येई, आणि रागाच्या खाली जे होतं त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. शब्द साधाच आहे. त्यांना एकटं वाटत होतं. त्यांची दुपार चिमट्यांनी पळवली होती, आणि पोरीला परत कसं बोलवावं हे त्या हुशार डोक्याला सुचत नव्हतं. पझल उचलून ठेवावं, एवढं सोडून त्यांना सगळं सुचलं.

मग एका दुपारी एक तुकडा हरवला.

भांडारातली टाचणी कधी हरवू न दिलेला माणूस तो. त्यांनी टॉर्च आणला, लुंगी खोचली आणि ते सोफ्याखाली शिरले. आर्या त्यांच्या शेजारी पोटावर सरकत आली. सोफ्याखाली एक शर्टाचं बटण सापडलं, एक शेंगदाणा सापडला, आणि एक उताणं झुरळ. त्या झुरळाला बघून आर्या इतकी किंचाळली, इतकी हसली, की शांतारामरावही तिथल्या तिथे, अंधारात, डोक्याला सोफ्याची फळी लागत असताना हसले. तुकडा सापडला नाही. पण त्या दुपारी आर्या समोरच्या दारी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक हरवला. मग पलंगाखाली शोध. मग कपाटामागे. आता आर्या जेवण उरकून स्वतःच सतरंजी ओढत आणू लागली. कुणाही शहाण्या माणसाला यातून काहीतरी कळलं असतं. शांतारामरावांना एवढंच कळलं की पोरीला पझलची गोडी लागली. ती झोपल्यावर ते स्वतः आभाळाचा एक कोपरा लावून ठेवत, आणि संध्याकाळी खाली पेन्शनरांच्या बाकावर जाऊन सांगत, “आमची आर्या शंभराचं लावते.” बाकावरचे बाकीचे आपापल्या नातवंडांविषयी तितकंच खोटं बोलत असल्यामुळे त्यांना कुणी अडवलं नाही.

हरवलेल्या तुकड्यांचा आळ अर्थातच जितेशवर आला. शांतारामराव खोका घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाले, “शंभर लिहिता आणि कमी भरता?”

“काका, मी काय आत बसून भरतो का? सीलबंद होता खोका, तुम्ही घरी जाऊन फोडलात.”

एकाही दुकानदाराने फसवलं नाही, हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा धोक्यात आलं होतं. ते रात्री नीट जेवले नाहीत.

गणपती आले. सोसायटीच्या मंडपात लहान मुलांच्या स्पर्धा असतात. चित्रकला, वेषभूषा, आणि यंदा मेरीबाईंनी चार वर्षांखालच्या मुलांसाठी पझल ठेवलं होतं. नऊ तुकडे, मोठे मोठे. कुणाला आंबा, कुणाला बस, कुणाला उंदीर. शांतारामराव जिना उतरून मंडपात मेरीबाईंना गाठायला गेले.

“नऊ? तुम्ही मुलांना समजता काय? आमची आर्या तिचं शंभराचं घेऊन बसेल.”

“काका, लहान आहेत ती. मजा येऊ दे ना त्यांना.”

“मजेसाठी मोदक आहेत.”

“तुमची नात, तुमचं पझल. मी काय बोलणार? पण रडली तर मला ऐकवायचं नाही.”

घरी उन्नती नको नको म्हणत राहिली. “माझ्यावर सोड,” शांतारामराव म्हणाले, आणि या घरात त्या वाक्यानंतर चर्चा होत नसे.

मंडपात मुलांना एकेक चटई दिली होती. आर्या नवा फ्रॉक आणि गुलाबी बूट घालून शेवटच्या चटईवर बसली. तिच्यापुढे तुकड्यांचा ढीग, बाकीच्यांपुढे नऊ-नऊ. शिट्टी झाली. एका मुलाने आंबा चावायला सुरुवात केली. एकीने उंदीर पुरा केला तशी तिच्या आईने अशी आरोळी ठोकली की आरतीची झांज खाली पडली. दुसरीची आई लांबून बोटांनी उत्तरं सांगत होती, आणि तिला हसणारा बाप स्वतःच्या मुलाला तोंडाच्या कोपऱ्यातून “उलटं कर, उलटं!” म्हणत होता. एकंदर मंडपात तीन वर्षांची मुलं सोडून बाकी सगळीच माणसं पझल लावत होती.

आर्याने एक तुकडा उचलला आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांकडे पाहिलं. आजोबा हवेत बोट फिरवून खुणावत होते, कड, कड. आर्याने मान हलवली. तिने तो तुकडा शांतपणे बुटात सरकवला. मग दुसरा. मग ती उठली आणि चटई ओलांडून थेट त्यांच्याकडे चालत आली.

“आजोबा, हरवले,” ती आनंदाने म्हणाली. “चल, शोधू या.”

ती त्यांचा हात ओढायला वळली आणि सैल बूट पायातून निसटला. तो उपडा पडला. त्यातून कापूस नाही, तुकडे बाहेर आले. निळे, निळे, करडे, निळे. मग तिने दुसराही पाय झटकला आणि त्यातूनही तेच सांडले. कापूस तिने कधीच काढून टाकला होता.

सेक्रेटरीच्या हातात माईक होता आणि डोक्यात नेहमीप्रमाणे काही नव्हतं. “अरे वा! बुटात खजिना!” तो ओरडला. सगळा मंडप हसला. पेन्शनरांचा बाक सगळ्यांत मोठ्याने हसला.

शांतारामरावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. “लबाड!” ते नातीवर ओरडले. “चोरटी कुठली!”

आर्याचं तोंड उघडंच राहिलं. तिने हात सोडला. ती रडली नाही. ती अनवाणी चालत कौस्तुभकडे गेली आणि त्याच्या पायामागे लपली.

त्या रात्री जेवायला तिघंच टेबलाशी बसले. उन्नती आत आर्याला निजवत होती. कौस्तुभने गुलाबी बूट टेबलावर आणून ठेवला, ताटाशेजारी, आणि शांतारामरावांनी तोंड उघडायच्या आत तो बोलला.

“बाबा, माझ्या मापाचा पहिला बूट मी माझ्या पहिल्या पगारात घेतला. दुकानात मी त्या माणसाला दोनदा विचारलं, हाच माझा नंबर का? मला वाटलं बूट चावतोय. तो चावत नव्हता. तो बरोबर बसला होता, पण तसं बसलेलं मला माहीतच नव्हतं.”

“तुला काही कमी केलं का मी?”

“नाही. भरपूर दिलंत. पण दिलेलं सगळं पुढे कधीतरी बसणार होतं. ज्या दिवशी द्यायचात त्या दिवशी ते कधी माझं नव्हतं.” त्याने बूट उचलला. “मी वाढलो, मला सवय झाली. हिला नको.”

शांतारामराव बायकोकडे बघू लागले. बायको नेहमी मध्ये पडते, आजही पडेल असं त्यांना वाटलं. सुहासिनीबाई बोटातली दोरा गुंडाळलेली अंगठी फिरवत होत्या.

“आणि ती चोरी करत नव्हती,” त्या म्हणाल्या. “तुकडा हरवला की तुम्ही सोफ्याखाली शिरायचात. ते आवडायचं तिला. मला म्हणाली होती, हरवलं की आजोबा खेळतो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला?” सुहासिनीबाई म्हणाल्या. “तुम्हाला कधी कुणी काही सांगितलंय?”

त्या उठून ताटं उचलायला लागल्या. शांतारामराव टेबलाशी बसून राहिले. इतकी वर्षं माणसं आपल्यापुढे गप्प बसतात ती आपलं म्हणणं पटतं म्हणून, असा त्यांचा समज होता.

आर्या दुपारी त्यांच्याकडे येईनाशी झाली. जेवली की सरळ समोरचं दार. भेटली तर हसे, बोलावलं तर येई, पण उंबऱ्यापाशी थांबे, पाहुण्यांकडे थांबतात तशी. उन्नतीने तिला नवे बूट आणले, पायाला बरोबर बसणारे, आणि त्यावर शांतारामरावांनी पहिल्यांदाच मत दिलं नाही. शंभराचा खोका त्यांनी स्वतः रद्दीवाल्याला देऊन टाकला. दुपारभर ते पोटावर हात ठेवून पडून राहत आणि समोरच्या घरातून चिमट्यांचा टकटक आवाज ऐकत. बाकावर जाणंही त्यांनी कमी केलं. नवा भाडेकरू आला, लिफ्टमधून वर गेला, आणि त्याला त्यांच्याविषयी काहीच कळलं नाही.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा त्यांनी स्टूल लावलं आणि स्वतः माळ्यावर हात घातला. हत्ती जुन्या गाद्यांच्या मागे पडला होता. त्यांनी तो लुंगीने पुसला, सतरंजी अंथरली, चार तुकडे मांडले आणि समोरच्या दारात जाऊन उभे राहिले. या माणसाने आजवर कुणाच्या दारात काही मागितलं नव्हतं. “मेरीबाई,” ते म्हणाले, “आर्याला जरा पाठवता?” मेरीबाईंनी आर्याच्या हातातले चिमटे काढून घेतले.

आर्या आली. सतरंजीकडे पाहिलं.

“हे बाळाचं आहे,” ती म्हणाली.

तिने उभ्याउभ्याच वाकून डोकं, पोट, सोंड, शेपूट अशी चारही ठिकाणं भरून टाकली. कड नाही, विचार नाही, काही नाही. मधल्या महिन्यांत ती वाढली होती, ते हत्तीला ठाऊक नव्हतं आणि आजोबांनाही नाही. जो खेळ तिचा होता तो त्यांनी माळ्यावर टाकला, जो तिचा नव्हता तो तिच्यापुढे ओतला, आणि आता पुन्हा चूक झाली होती, या खेपेला उलट्या बाजूने.

“झालं,” आर्या म्हणाली. “आता?”

शांतारामरावांजवळ पुढचं पुष्कळ होतं. कपाटात तिच्यासाठी घेऊन ठेवलेली, सहावीपर्यंत पुरेल अशी कंपासपेटीही होती. ‘आता काय’ एवढंच त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

आर्या थोडा वेळ त्यांचं तोंड निरखत उभी राहिली. मग तिने सोंडेचा तुकडा पाटीवरून उचलला. त्यांच्या डोळ्यांदेखत तो बुटात घालायला गेली. बूट पायाला घट्ट बसलेला होता, आत जागाच नव्हती. तिने जरा विचार केला, तुकडा मुठीत धरला आणि मूठ पाठीमागे नेली.

“आजोबा,” ती म्हणाली, “एक हरवला.”

ती मूठ आणि तिच्यातून बाहेर डोकावणारी सोंड, दोन्ही समोरच्या कपाटाच्या आरशात लख्ख दिसत होती. एकाही दुकानदाराने फसवलं नाही असा तो माणूस उठला, टॉर्च घेऊन आला आणि लुंगी खोचून कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसला.

“कुठे गं गेला असेल?” ते म्हणाले, आणि त्यांनी सोफ्याखाली डोकं घातलं.

आर्या पोटावर सरकत त्यांच्या शेजारी आली. टॉर्च तिने दुसऱ्या हातात घेतला.